अर्जुनी मोरगाव तालुक्यातील पहाटेची पक्षीफेरी : एक अभिप्राय

गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांधच्या परिसरातील एका गावात मासेमार ढिवर समाजाचे तीन-चार तरुण हिवाळ्यात मामा (माजी मालगुजारी) तलावावर पक्षीफेरी घडवून आणतात. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघे तिथे जाऊन आलो. माणशी तीनशे रुपये आणि वर काळा चहा. या पैशात जे मिळाले, ते मोठ्या पर्यटनस्थळी हजारो रुपये मोजूनही मला मिळाले नव्हते.

साडेपाचला धुक्यातून तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर पोहोचलो. रात्रभर शेतात चरलेले पट्टकदंब हंस उजाडताना पाण्यावर परतत होते. डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या दुर्बिणीतून अगदी स्वच्छ दिसल्या. मंगोलिया, तिबेट, लडाख या भागांत वीण करणारा हा पक्षी हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. उपग्रहाद्वारे माग काढलेल्या हंसांपैकी एकाची नोंद ७,२९० मीटर उंचीवर झालेली आहे. मी आणखी थोडे पुढे सरकलो, तेव्हा एका हंसाने चरणे थांबवून मान ताठ केली, लगेच शेजारच्यानेही केली. आमचा वाटाड्या हळूच म्हणाला, "भाऊ, इथंच बसा. मान वर केली म्हणजे आता उडतीन." आम्ही बसलो. चार-पाच मिनिटांनी माना पुन्हा खाली गेल्या.

या एका वाक्यासाठी मी ही फेरी सर्वांना सुचवतो. गेल्या वर्षी दुसऱ्या एका तलावावर नावाड्याने फोटोसाठी मोटारबोट थेट थव्यात घातली होती आणि सगळे पक्षी उठले, ते पुन्हा बसलेच नाहीत. परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवणाऱ्या पक्ष्याला असे वारंवार उठवणे म्हणजे त्याची शिदोरी हिसकावणे होय.

तलवार बदके, थापटे आणि चक्रवाकही दिसले, पण खरी शिकवण पाण्याच्या काठाची होती. कोहळी समाजाने बांधलेल्या या जुन्या तलावांचा काठ उतरता असतो. डोके पाण्यात बुडवून चरणाऱ्या बदकांना तोच उथळ भाग लागतो, तर बुडी मारणाऱ्या लालसरीला खोल पाणी चालते. गाळ काढण्याच्या नावाखाली काठ सरळ खणला, बेशरम हे तण माजू दिले किंवा पाण्यातल्या वनस्पती फस्त करणारा गवत्या मासा सोडला, तर तलाव भरलेला दिसतो, पण पक्ष्यांना तिथे खायला काही उरत नाही. वाटाड्याने बेशरम उपटलेला काठ आणि न उपटलेला काठ शेजारीशेजारी दाखवला. पहिल्यावर देवधान, म्हणजे रानटी भात उगवला होता आणि बदकेही तिथेच होती.

उणिवाही आहेत. फेरीतल्या आठ जणांत दुर्बीण एकच असल्याने ताटकळावे लागते. चिखलात चोचीने कीटक टिपणाऱ्या छोट्या पक्ष्यांची ओळख वाटाड्यांना कमी आहे. शिवाय रोजची मोजणी ते वहीत अत्यंत काटेकोरपणे लिहितात, पण ती वही घरातच राहते. १९८७ पासून दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत या नोंदी जायला हव्यात, असे मी त्यांना आग्रहाने सांगून आलो आणि पुढच्या हिवाळ्यात अर्ज भरायला मदत करण्याचे कबूलही केले आहे.

आदल्या संध्याकाळपर्यंत कळवावे लागते. कपडे मळकट रंगाचे घालावेत, आणि मार्च उजाडण्यापूर्वी जावे.