प्रीमियर पद्मिनी गाडीचा पेट्रोल पंप: यांत्रिक की इलेक्ट्रिक?

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तापलेली पद्मिनी बंद पडते आणि थंड होईपर्यंत चालूच होत नाही, तेव्हा कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उघडण्याआधी टाकीतलं पेट्रोल त्याच्यापर्यंत पोचवणाऱ्या पंपाकडे बघा.

यांत्रिक पंप इंजिनलाच असतो, कॅमशाफ्टवर चालतो, वायरिंगची कटकट नाही. पण उष्णतेने त्यात पेट्रोलची वाफ धरते. डायाफ्रामचं (पंपातल्या रबरी पडद्याचं) किट स्वस्त. फक्त पेट्रोलमधल्या इथेनॉलला टिकणारं रबर मागून घ्या. डायाफ्राम फाटला तर पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) हुंगा. पेट्रोलचा वास आला, पातळी वाढलेली दिसली, तर इंजिन चालवूच नका. आधी डायाफ्राम, मग ऑइल बदला.

इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ, खालच्या पातळीला बसवा. तो ढकलतो चांगला, ओढतो वाईट. दाब 2 ते 3 पीएसआय पुरे. इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावलात तर कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल रोखणाऱ्या नीडल व्हॉल्व्हला तो दाब झेपत नाही, कार्बोरेटर ओसंडतो. फ्यूज, रिले आणि गाडी आदळताच पंपाची वीज तोडणारा इनर्शिया स्विच हवाच. खर्च, खटाटोप दोन्ही जास्त.

नियमित चालणाऱ्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला यांत्रिकच ठेवा. आठवडेच्या आठवडे उभी राहणारी किंवा भर उन्हात ट्रॅफिकमध्ये अडकणारी असेल, तर इलेक्ट्रिक.