‘ॲनिमल्स’ पुन्हा विकत घ्यावा का?

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘ॲनिमल्स’ या अल्बमची नवी आवृत्ती घेऊ का, असं ओळखीतले बरेच जण मला विचारतात, कारण एलपी आणि ब्ल्यू-रे अशी दोन्ही मी घेऊन बसलोय. थोडक्यात उत्तर हवं असेल तर ब्ल्यू-रे घ्या, एलपीच्या नादी लागू नका, आणि घरात जुनी सीडी असेल तर ती कुणाला देऊन टाकू नका. वेळ असेल तर पुढचं वाचा.

विक्रेते हिला सर्रास ‘रीमास्टर’ म्हणतात. ते तितकंसं खरं नाही. रीमास्टर करताना तयार झालेल्या दोन चॅनेलच्या टेपवरच हात फिरवतात: थोडा बास वाढव, थोडी धार काढ, आवाजाची पातळी सारखी कर. ‘ॲनिमल्स’चं तसं काम २०११ साली झालं होतं आणि ती सीडी माझ्याकडे आहे. ही २०१८ ची आवृत्ती मात्र रीमिक्स आहे. म्हणजे वाद्यं आणि गळे सुटे सुटे नोंदवलेली मूळ मल्टिट्रॅक टेप काढून प्रत्येक वाद्य, प्रत्येक गळा परत जागेवर बसवलाय. कोण पुढे, कोण मागे, कोण डावीकडे, कुणावर किती प्रतिध्वनी, हे सगळं नव्याने ठरलंय. काम केलंय जेम्स गथ्रीने. ‘द वॉल’ या अल्बमच्या वेळेपासून हा माणूस यांच्याबरोबर आहे, त्यामुळे घरचाच म्हणायचा.

आता २०१८ चं मिक्स बाजारात यायला सप्टेंबर २०२२ का उजाडला, तर भांडण. सोबतच्या पुस्तिकेसाठी मार्क ब्लेक या पत्रकाराने टिपण लिहिलं, ते बँडचा गीतकार आणि बासवादक रॉजर वॉटर्सला हवं होतं, गिटारवादक डेव्हिड गिल्मरला नको होतं. २०२१ मध्ये वॉटर्सने ते स्वतःच जाहीर करून टाकलं आणि टिपणाशिवाय अल्बम काढायला मान्यता दिली. सत्तरी ओलांडलेली दोन माणसं, ४०-४५ वर्षांपूर्वी कुणी काय केलं याच्या श्रेयावरून हटून बसलेली. आपल्याकडे बांधावरून चालतात तसली ही भाऊबंदकी. आपण ऐकणाऱ्यांनी मात्र चार वर्षं वाट पाहिली.

मूळ अल्बम १९७७ च्या जानेवारीतला. बँडने लंडनच्या इझलिंग्टन भागात ब्रिटानिया रो इथे, चर्चच्या जुन्या हॉलच्या जागेत स्वतःचा स्टुडिओ उभारला आणि १९७६ चा बराचसा काळ तिथे रेकॉर्डिंग केलं. आधीच्या ‘विश यू वेअर हिअर’मध्ये आवाजाला जी ऐसपैस हवा आहे, ती इथे नाही. सगळं कोरडं, खोलीत दाटीवाटीने बसून वाजवल्यासारखं. गाणी पाच, त्यातली ‘पिग्ज ऑन द विंग’ची दोन टोकं जेमतेम दीड-दीड मिनिटांची. खरा ऐवज मधल्या तिघांत: ‘डॉग्ज’ १७ मिनिटं, ‘पिग्ज’ ११ च्या वर, ‘शीप’ १० च्या वर. समाजाची कुत्री, डुकरं आणि मेंढ्या अशी वाटणी करायची कल्पना जॉर्ज ऑर्वेलच्या ‘ॲनिमल फार्म’ या कादंबरीवरून सुचलेली, पण ऑर्वेलचा रोख स्टालिनवर होता आणि वॉटर्सचा राग भांडवलशाहीवर आहे. या रागामुळेच हा अल्बम मला त्यांच्या बाकीच्या सगळ्यांहून जवळचा. ‘डार्क साइड’ सगळ्यांना आवडतो. ‘ॲनिमल्स’ आवडणारा माणूस भेटला की मी त्याला चहा पाजतो.

माझ्या कानांबद्दल एक सांगून ठेवतो. माझी नोकरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात झाली. मिनिटाला ३००० फेऱ्या घेणाऱ्या टर्बाइनच्या शेजारी वर्षानुवर्षं काढल्यावर वरचे सूर थोडे कमी ऐकू येतात, पण खालच्या पट्टीतलं सगळं नीट कळतं. बेअरिंगला सळई टेकवून दुसरं टोक कानाला लावायचं आणि आत काय बिघडलंय ते ओळखायचं, हे आम्ही मीटर येण्याआधीपासून करत होतो. तेव्हा बासबद्दल मी जे म्हणतो ते ठामपणे म्हणतो. झांजांबद्दल भाच्याचं मत घ्यावं.

तर बास. जुन्या मिक्समध्ये ‘पिग्ज’चा बास गिटारच्या मागे कुठेतरी गुरगुरत असायचा. नव्यात त्याचा एकेक स्वर सुटा होतो, बोट तारेवरून सरकतं ते कळतं. गंमत म्हणजे या गाण्यात बास वाजवलाय गिल्मरने आणि र्‍हिदम गिटार वॉटर्सने. हे वाचून ठाऊक होतं, पण कानाने पटलं ते आता. काउबेलसुद्धा पूर्वी पत्र्याच्या डब्यासारखी वाटायची, ती आता घंटा वाटते. मध्यावर गिल्मर टॉक बॉक्स (गिटारचा आवाज नळीने तोंडात घेऊन तोंडाने बदलायचं यंत्र) लावून गिटारला डुकरासारखं घुरघुरायला लावतो, तो भाग नव्या मिक्समध्ये अंगावर येतो. रात्री हेडफोनवर ऐकताना मी एकदा मागे वळून पाहिलं.

‘डॉग्ज’मध्ये फायदा झाला तो कीबोर्डवाल्या रिक राइटचा. बिचाऱ्याचं नाव या अल्बमच्या एकाही गाण्याच्या श्रेयात नाही. जुन्या मिक्समध्येही तो भिंतीला टेकून उभा असल्यासारखा. नव्यात त्याचा ऑर्गन आणि सिंथ (सिंथेसायझर) दोन्ही बाजूंनी भरून येतात. मधल्या संथ भागात, जिथे एकच शब्द पुन्हा पुन्हा घुमत घुमत विरून जातो आणि खाली सिंथचा थर पसरत जातो, तिथे मी इतकी वर्षं फक्त एक धूसर पडदा ऐकत होतो. आता त्या पडद्यामागचे स्वर बदलताना दिसतात. आमच्या सोसायटीत हार्मोनियम वाजवणारे एक आजोबा आहेत, रॉकशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. त्यांना हा तुकडा ऐकवला. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “हा पेटीवाला हुशार आहे हो. भरतो कमी आणि सोडतो जास्त.” राइटबद्दल मी वाचलेल्या इंग्रजी परीक्षणांतही इतकं नेमकं कुणी म्हटलेलं नाही.

पण ‘शीप’पाशी माझी कुरकुर सुरू होते. सुरुवातीचा इलेक्ट्रिक पियानो आणि मागे बें-बें करणाऱ्या मेंढ्या, हे नव्या मिक्समध्ये सुरेखच. आमची ही स्वयंपाकघरातून ओरडली, “अहो, मेंढ्या पूर्वी एवढ्या जवळ नव्हत्या!” अगदी बरोबर पकडलं तिने. मग गाणं पेटतं. वॉटर्स ओळीचं शेवटचं अक्षर ताणून धरतो आणि त्या ताणलेल्या गळ्यातूनच सिंथचा स्वर निघतो. माणूस कुठे संपला आणि यंत्र कुठे सुरू झालं ते समजू नये, अशी ती योजना. जुन्या गढूळ मिक्समध्ये खरोखर समजत नाही. नव्यात माझ्या कानाला सांधा लागतो. अगदी बारीक, पण लागतो. स्वच्छतेची ही किंमत. आणि शेवटी मेंढ्या उलटतात, गिटार घणासारखी पडते, तिथे मला धूळ, गोंगाट, चेंगराचेंगरी हवी असते. गथ्रीने तिथेही सगळ्यांना रांगेत उभं केलंय.

या एका मुद्द्यावर ऐकणाऱ्यांचे दोन तट पडलेत आणि ते आमच्या छोट्याशा कंपूतही आहेत. माझा हॉस्टेलच्या दिवसांपासूनचा मित्र, ज्याच्या टेपरेकॉर्डरवर आम्ही हा अल्बम कॅसेटवरून कॅसेटवर उतरवून घेतला, तो नवं मिक्स अर्धं ऐकून म्हणाला, “बंद कर रे. ह्यांनी कोळसाच धुऊन काढलाय.” त्याच्या मते ‘ॲनिमल्स’चा काळवंडलेपणा हाच ‘ॲनिमल्स’. ब्रिटनमध्ये महागाई, संप, बेकारी, पंक रॉकवाली नवी पोरं फ्लॉइडच्या नावाने शिव्या घालताहेत, अशा हवेत बनलेलं संगीत चकचकीत कशाला हवं? मी त्याला म्हटलं, तू ज्याला काळवंडलेपणा म्हणतोस त्यात अर्धा वाटा आपल्या तिसऱ्या हाताच्या कॅसेटचा आहे. तो हसला, पण मत बदललं नाही.

भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे आणि कॉलेजच्या बँडमध्ये ड्रम्स वाजवतो. त्याला जुना अल्बम कधी भावलाच नव्हता. “काका, ड्रम्स खोक्यात भरून ठेवल्यासारखे आहेत,” असं म्हणून तो दोन मिनिटांत उठायचा. नवं मिक्स त्याने सलग ऐकलं. निक मेसनचा स्नेअर आता खणखणीत आहे, टॉम्स खोल आहेत, झांजा वाजल्यावर हवेत थांबतात असं त्याचं म्हणणं (ही साक्ष त्याची, माझी नाही). ‘डॉग्ज’मध्ये मेसन किती कमी वाजवतो आणि किती बरोबर जागी वाजवतो, हे त्याला पहिल्यांदा कळलं. या पोरासाठी हेच मिक्स म्हणजे ‘ॲनिमल्स’ असणार. माझा कल? ‘डॉग्ज’ आणि ‘पिग्ज’ नवं, ‘शीप’ जुनं. दोन्हींकडून शिव्या खाणारी ही भूमिका, पण कानाला जे वाटतं ते वाटतं.

आणि म्हणून ब्ल्यू-रे. तिच्यात नवं स्टिरिओ मिक्स आहे, ५.१ सराउंड आहे आणि १९७७ चं मूळ स्टिरिओ मिक्ससुद्धा आहे. एकाच तबकडीवर दोन्ही, रिमोट हातात. वाद घालायला याहून चांगली सोय नाही. सराउंडसाठी पाच स्पीकर आणि एक वूफर लागतो. तो संसार माझ्याकडे नाही. मी भाच्याच्या मित्राकडे जाऊन ऐकलं. कुत्र्यांचं भुंकणं मागून येतं, मेंढ्या सोफ्याभोवती फिरतात. मजा आहे, पण त्यासाठी स्पीकर विकत घ्यावेत इतकी नाही.

एलपीबद्दल नाराज आहे. आयात मालाचा भाव आधीच चढा, त्यात ज्या ऑनलाइन दुकानातून मागवली त्यांनी ती साध्या पातळ खोक्यात पाठवली. कोपरा दुमडून आला. फोटो पाठवले, तर उत्तर आलं की “तबकडी वाजते ना?” वाजते. पण कव्हरसाठीच तर एलपी घ्यायची असते! आवाज चांगला आहे, खरखर नाही. तरी ब्ल्यू-रेपेक्षा जास्त काही मिळालं असं म्हणवत नाही.

कव्हरवर मात्र मी अर्धं पान लिहिणारच. त्यावर दिसतं ते लंडनचं बॅटरसी, कोळशावर चालणारं वीजकेंद्र. १९७६ च्या डिसेंबरात कव्हरचे फोटो काढले तेव्हा त्याचं जुनं ‘ए’ स्टेशन बंद पडलेलं होतं आणि ‘बी’ चालू होतं, ते १९८३ पर्यंत चाललं. चार धुराडी, मधे हवेत बांधलेलं १२ मीटर लांबीचं रबरी डुक्कर. दुसऱ्या दिवशी डुक्कर दोर तोडून उडालं, हीथ्रोच्या विमानांच्या वाटेत गेलं आणि शेवटी केंटमधल्या एका शेतात उतरलं. पहिल्या दिवशी डुक्कर सुटलं तर पाडायला नेमबाज ठेवला होता, दुसऱ्या दिवशी त्याला बोलवायचं राहून गेलं! सरकारी खात्यात नोकरी केलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. छापलेलं कव्हर म्हणजे पहिल्या दिवसाचं ढगाळ आभाळ आणि तिसऱ्या दिवसाचं डुक्कर यांची जोडणी.

नव्या आवृत्तीसाठी ‘हिप्नोसिस’ या कव्हरं करणाऱ्या मंडळींतल्या ऑब्री पॉवेलने तेच केंद्र नव्याने दाखवलंय, आजूबाजूला क्रेन आणि अर्धवट इमारती. धुराडी तीच वाटतात, पण ती मूळची नाहीत. काँक्रीट खराब झालं म्हणून २०१४ ते २०१७ या काळात चारही उतरवून, जुन्या आराखड्याबरहुकूम पुन्हा बांधली. अल्बमचं जे गथ्रीने केलं तेच तिथल्या कंत्राटदाराने धुराड्यांचं केलं. अल्बम आला त्याच्या पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबर २०२२ मध्ये, टर्बाइन हॉलमध्ये दुकानं उघडली. मला टर्बाइन हॉल म्हटलं की गरम तेलाचा वास आठवतो, त्यामुळे तिथे कपड्यांची दुकानं ही कल्पना पचत नाही. पण वॉटर्सने १९७७ साली ज्यांच्यावर गाणी लिहिली ते ‘डॉग्ज’ आणि ‘पिग्ज’ आता तिथेच फ्लॅट घेऊन राहात असतील, हे चित्र कव्हरच्या क्रेनमध्ये आहे. जुन्या कव्हरपेक्षा ते मला जास्त बोचरं वाटलं.

डिलक्स संच घेणाऱ्यांना ३२ पानी पुस्तिका मिळते. जुने फोटो आहेत, मजकूर जवळपास नाही. कारण वर सांगितलंच.

शेवटची तक्रार. १९७७ साली आठ ट्रॅकच्या काडतुसावर (त्या काळच्या एका प्रकारच्या टेपवर) हा अल्बम आला, तेव्हा ‘पिग्ज ऑन द विंग’चे दोन्ही भाग जोडण्यासाठी मधे स्नोई व्हाइटचा गिटारचा तुकडा घातला होता. एलपीवर तो कधीच नव्हता. ‘डॉग्ज’ आणि ‘शीप’ १९७४ मध्ये वेगळ्या नावांनी मंचावर वाजत होती, तीही रेकॉर्डिंग्ज आहेत. यातलं काहीही या संचात नाही. चार वर्षं थांबवलं, तर निदान तो तुकडा तरी घालायचा होता. पन्नाशीला पुन्हा एक आवृत्ती काढतील आणि तिच्यात तो देतील, असं मित्र म्हणतो. देतील तर मी तीही घेईन.