वर्डप्रेसवर मराठी साइट: एका कानबाईपासून पुढच्या कानबाईपर्यंतचा अनुभव

स्वतःच्या होस्टिंगवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर, बसवलेलं वर्डप्रेस हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर आणि त्याच्यासोबत फुकट येणारी साधी थीम, म्हणजे साइटच्या रूपाचा तयार साचा, एवढ्यावर नवशिक्या माणसाची मराठी साइट छान उभी राहते. हे मी आता खात्रीने सांगते. पण ती थीम जशी येते तशी मराठीला चालत नाही. तिला आधी देवनागरीची सवय लावावी लागते, आणि खरी मेहनत तिथेच आहे. शिकवणारे बहुतेक व्हिडिओ रंग, स्लायडर आणि लोगो यांवर तासभर बोलतात. शिरोरेषा, वेलांटी, जोडाक्षर यांचं नावही निघत नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

मी अमळनेरला असते. माझ्या साइटवर खान्देशी पदार्थ, श्रावणात बसणाऱ्या कानबाई देवीची गाणी आणि अहिराणी म्हणी आहेत. वाचणारे जळगाव, धुळे, नंदुरबारचे आहेतच, पण सुरतला उधना-लिंबायतला स्थायिक झालेली आणि पुण्या-नाशिकला नोकरीला गेलेली आपली माणसंही खूप आहेत. जवळपास सगळे व्हॉट्सॲपवर आलेली लिंक दाबून फोनवरच वाचतात. पुढचं सगळं याच वाचकाला समोर ठेवून लिहिलं आहे.

आधी निवडीचं. फक्त लिहायचं आहे, पैसा घालायचा नाही, असं असेल तर ब्लॉगर पुरेसं आहे. ते 1999 मध्ये सुरू झालं, 2003 मध्ये गूगलकडे गेलं आणि अजून फुकट आहे. स्वतःचं डोमेनही, म्हणजे साइटचं नाव-पत्ताही, त्याला जोडता येतं. वर्डप्रेसच्या बाबतीत नवीन माणसाचा एक गोंधळ हमखास होतो. 'वर्डप्रेस डॉट कॉम' ही तयार सेवा आहे, तिथे काय करता येईल ते तुमच्या प्लॅनवर ठरतं. 'वर्डप्रेस डॉट ऑर्ग'वरून मिळतं ते मुक्त सॉफ्टवेअर. 2003 साली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ते बाहेर आणलं. ते आपण भाड्याच्या सर्व्हरवर बसवायचं, मग थीम, प्लगइन (जादा सोयी देणारे जोड), फॉन्ट सगळं आपल्या हातात. मी हे दुसरं वापरतेय, आणि मराठीसाठी लागणारे बदल मोकळेपणाने करता येतात म्हणूनच वापरतेय.

डोमेन आणि होस्टिंगबद्दल थोडक्यात. डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या. साइट बनवून देणारा ओळखीचा असला, नात्यातला असला तरी त्याच्या खात्यात डोमेन नको. उद्या त्याने धंदा बदलला तर आपलं नाव अडकतं. होस्टिंगच्या जाहिरातीतला महिन्याचा स्वस्त दर बहुधा तीन-चार वर्षांचे पैसे एकरकमी भरले तरच मिळतो, वर 18 टक्के जीएसटी लागतो, आणि नूतनीकरणाचा दर वेगळाच असतो. तो दर पैसे भरण्याच्या पानावर बारीक अक्षरात असतो, तिथे आधी नजर टाका. वाचक आणि साइट यांच्यातली देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं एसएसएल प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट' या सेवेचं फुकट मिळतं. त्यासाठी वेगळे पैसे मागणारा प्लॅन मी तरी घेणार नाही.

आता मुख्य विषय. माझ्याकडे 'ट्वेन्टी ट्वेन्टी-फाइव्ह' थीम आहे, ती नोव्हेंबर 2024 मध्ये वर्डप्रेस 6.7 सोबत आली. हलकी आहे, मोकळी आहे, मला मनापासून आवडते. पण तिचा मूळचा फॉन्ट मॅनरोप, आणि त्यात देवनागरी नाहीच. म्हणजे मराठी मजकूर ज्या फोनमध्ये जो फॉन्ट असेल त्यात दिसतो: माझ्या लॅपटॉपवर एक रूप, सासूबाईंच्या फोनवर दुसरं. इंग्रजी नमुन्यात देखणी दिसणारी थीम मराठीत एकदम पडेल दिसते, त्याचं पहिलं कारण हेच.

यावरचा उपाय आता सोपा झाला आहे. एप्रिल 2024 मधल्या 6.5 आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्येच फॉन्ट लायब्ररी आली. एडिटरमध्ये 'स्टाइल्स'खाली टायपोग्राफीत जायचं आणि गूगल फॉन्ट्समधला हवा तो फॉन्ट बसवायचा. फाइल आपल्याच सर्व्हरवर उतरते. मी मजकुराला 'मुक्ता' लावला आहे. मुंबईच्या एक टाइप या मंडळींचा हा फॉन्ट लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो. त्याची सात वजनं, म्हणजे जाडीचे प्रकार, आहेत, पण घ्यायची फक्त दोन, साधं आणि ठळक. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टच्या फाइली रोमनपेक्षा जड असतात, आणि धडगाव-अक्कलकुव्याकडे सातपुड्यात नेटवर्क कसं असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

फॉन्टनंतर दोन आकडे बदलायचे. पहिला ओळींमधल्या अंतराचा. रोमनसाठी अक्षराच्या आकाराच्या 1.4 पट ठीक असतं. आपल्याकडे वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात. मी 1.8 ठेवलं आहे. 'कृष्णापुरी' किंवा 'मूर्ती' असे शब्द लागोपाठच्या ओळींत आणून बघा, लगेच कळेल. दुसरा आकडा अक्षरांमधल्या अंतराचा, आणि तो शून्यच हवा. बऱ्याच थीममध्ये शीर्षकांची अक्षरं देखणेपणासाठी थोडी फाकवलेली किंवा दाबलेली असतात. रोमनमध्ये ते शोभतं. देवनागरीत अक्षरं फाकवली की शिरोरेषा तुटते आणि 'कानबाई'चे चार सुटे तुकडे होतात. मराठी साइट बघताना आता माझं पहिलं लक्ष या तुटलेल्या रेषेकडे जातं, आणि मोठमोठ्या संस्थांच्या साइटवरही ती दिसते तेव्हा फार वाईट वाटतं. तिरपी अक्षरंही मी बंद केली आहेत, अवतरण वेगळं दाखवायचं तर बाजूला रंगीत पट्टी देते.

सेटिंगमध्ये साइटची भाषा 'मराठी' निवडणं हेही महत्त्वाचं. त्याने मेन्यू-बटणं मराठी होतात, शिवाय पान मराठीत आहे अशी खूण ब्राउझरला मिळते. ज्या फॉन्टमध्ये तशी सोय केलेली असते तिथे मग 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे दिसतात, हिंदी वळणाचे नाही. यादीत अहिराणी नाही, म्हणून अहिराणी पानांनाही मी मराठीच ठेवलं आहे.

पानाच्या पत्त्याचं, म्हणजे स्लगचं, प्रकरण वेगळं आहे. मराठी शीर्षक दिलं की वर्डप्रेस पत्ताही देवनागरीत बनवतं. ब्राउझरमध्ये तो छान दिसतो, पण कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते, आणि आमच्या ग्रुपमधली माणसं ती फसवणुकीची लिंक समजून दाबतच नाहीत. वर पत्त्याला आतून 200 चिन्हांची मर्यादा आहे. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी आणि पाय मोडल्याची खूणसुद्धा तिथे नऊ-नऊ चिन्हं खाते. म्हणजे साधारण बावीस देवनागरी चिन्हांत पत्ता संपतो आणि शब्द मध्येच तुटतो. 'खान्देशी कळण्याची भाकरी आणि ठेचा' तिथे पूर्ण मावत नाही. यावर माझा नियम एकच: लेख प्रसिद्ध करण्याआधी स्लग रोमन लिपीत, तीन-चार शब्दांत हाताने लिहायचा. याचा आणखी एक फायदा झाला. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये लोक काय शोधत आले ते दिसतं, आणि खूप जण मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करूनच शोधतात. त्यांच्या शोधाशी आता पत्ता जुळतो.

फोटोंबद्दल. भरताचा फोटो म्हणजे नुसती वाटी नको, कपाशीच्या काटक्यांवर भाजून काळं पडलेलं वांगं हवं, त्याची फुटलेली साल हवी, बाजूला बडगीत ठेचलेली हिरवी मिरची हवी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्याचा हिरवा रंग आणि पांढरट रेषा फोटोत दिसल्या पाहिजेत. पण फोनमधला फोटो चार-पाच एमबीचा असतो. वर्डप्रेस 2560 पिक्सेलच्या वरचा फोटो आपणहून लहान करतं, तरी पदार्थाच्या फोटोला एवढं कशाला? मी आधीच 1200 पिक्सेल रुंदी करून वेबपी या हलक्या फाइलप्रकारात साठवते आणि मगच चढवते. दिसण्यात फरक कळत नाही, पान मात्र झटकन उघडतं.

सगळ्यात जास्त समाधान दिलं ते 'पॅटर्न'ने. पाककृतीचा साचा एकदाच बनवला: फोटो, साहित्य, कृती, आणि शेवटी 'कुणाकडून शिकले' ही ओळ. ही शेवटची ओळ मी कधीच रिकामी सोडत नाही, कारण बिबड्यांचं पीठ किती आंबवायचं किंवा खापरावरचा मांडा हातावर कसा पेलायचा हे कुणा मावशीचं, आत्याचं कसब आहे, माझं नाही. नवा लेख लिहिताना साचा टाकायचा आणि भरायचा. पॅटर्न बनवताना 'सिंक्ड' ही खूण काढून टाका. ती राहिली तर एका ठिकाणचा बदल सगळ्या पानांवर होतो. तळातल्या संपर्काच्या पट्टीला मात्र तीच खूण कामाची आहे.

कानबाईच्या गाण्यांचं काम सगळ्यात किचकट निघालं. गावातल्या बायकांनी जमवलेली गाणी पूर्वी छापखान्यात श्रीलिपीत टाइप केलेली होती. अशा जुन्या फॉन्टमध्ये मुळात रोमनच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात. तो मजकूर साइटवर चिकटवला की अर्थहीन रोमन खुणा दिसतात, आणि गूगलला तर काहीच सापडत नाही. असा मजकूर आजच्या प्रमाण पद्धतीत बदलणाऱ्या युनिकोड कन्व्हर्टरमधून काढल्यावर बराच मजकूर सरळ होतो, पण ऱ्हस्व वेलांटी आणि रफार जागा सोडतात, आणि 'ऱ्या'चं काहीतरी भलतंच होतं. त्यात अहिराणी, म्हणजे शुद्धलेखन तपासणारं साधन प्रत्येक ओळीला लाल रेघ मारतं. 'शे', 'मना', 'तुना' त्याला चुकाच वाटतात. बोलून टाइप करण्याची सोय मराठीला चांगली चालते. अहिराणी बोललं की ती जवळचा मराठी किंवा हिंदी शब्द घालते. त्यामुळे एक जणी गाणं वाचणार आणि दुसरी पडद्यावर तपासणार, असंच आम्ही केलं. वेळ गेला, पण आता कुणीही गाण्याची एक ओळ टाकून शोधलं तर ते सापडतं. यासाठीच तर साइट काढली.

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन. त्या दोन-तीन दिवसांत वाचक एकदम वाढतात आणि स्वस्त होस्टिंगची परीक्षा तिथेच होते. वर्डप्रेस प्रत्येक वाचकासाठी डेटाबेसमधून पान नव्याने जुळवतं. कॅशचं प्लगइन ते जुळवलेलं पान साठवून पुढच्याला तयार देतं. मी हे प्लगइन सणाच्या आधीच लावून ठेवलं होतं, त्यामुळे गर्दीतही साइट उभी राहिली. बाकी प्लगइन मोजकीच: टिप्पण्यांमधला कचरा अडवायला अकिस्मेट आणि बॅकअप गूगल ड्राइव्हवर टाकायला अपड्राफ्टप्लस. ओढून-सोडून पानं बनवणारे जड पेज बिल्डर मी नवशिक्याला सुचवणार नाही. पान जड होतं आणि पुढे ते काढायचं म्हटलं तर मांडणी विस्कटते.

उणिवाही आहेत. साइटच्या आतला शोध मराठीला कच्चा आहे. तो अक्षरांची माळ तशीच्या तशी जुळवतो, त्यामुळे 'वांगं' शोधलं तर 'वांग्याचं भरीत' येत नाही. विभक्तीने शब्दाचं रूप बदलतं हे त्याला कळत नाही. म्हणून मी पदार्थांची एक अनुक्रमणिका हाताने बनवून मेन्यूत ठेवली आहे, आणि लोक तीच जास्त वापरतात. फोनच्या ॲपवरून लेख लिहिता येतो, पण थीमची मांडणी बदलायला संगणक हवाच. मराठी भाषांतरही सगळीकडे पोचलेलं नाही, प्लगइनच्या पडद्यांवर इंग्रजी मधूनमधून येतंच.

माझ्या होस्टिंगवाल्यांनी नूतनीकरणाचा जो आकडा पाठवला आहे तो मला पटलेला नाही, आणि मदत मागितली की त्यांचं उत्तर फार उशिरा येतं. वर्डप्रेस आणि थीम मी हीच ठेवणार, होस्टिंग बदलणार. पूर्ण बॅकअप ड्राइव्हवर आहे, डोमेन माझ्या नावावर आहे, त्यामुळे नव्या सर्व्हरवर साइट उभी करून डोमेन तिकडे वळवायचं एवढंच काम आहे. श्रावणाच्या आत ते उरकून मग गाण्यांचं ध्वनिमुद्रण चढवायला घेते.