सुटी सोलर फिल्म घेऊन फसलो, निदान तुम्ही तरी फसू नका

गोष्ट मे २०२४ ची आहे, पण परवा ओळखीतल्या एकाने तसलीच पाकिटाशिवायची सोलर फिल्म (सूर्य बघताना टेलिस्कोपच्या तोंडाला लावायचा, प्रकाश अडवणारा चंदेरी पापुद्रा) घेतल्याचं कळलं, म्हणून आता सगळं सविस्तर लिहितोय.

तेव्हा सूर्यावर एआर ३६६४ हा डागांचा प्रचंड समूह आला होता, पृथ्वीच्या साधारण पंधरा पट रुंद, त्यातूनच सुटलेल्या सौरवादळाने १० मेच्या रात्री लडाखला हान्लेत आकाश लाल झालं होतं. मला काहीही करून तो टिपायचा होता, कारण सूर्य फिरतो तसा तो समूह दोन-तीन दिवसांत कडेला जाऊन दिसेनासा होणार होता. माझ्याकडे ८० एमएमचा एफ/५ रिफ्रॅक्टर, म्हणजे भिंगाचा टेलिस्कोप, आणि साधा डीएसएलआर कॅमेरा, त्यावर चंद्राचे फोटो काढायचो, सोलर फिल्म मात्र नव्हती. ऑनलाइन मागवली तर यायला आठवडा लागणार. तेवढ्यात एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला, "ओरिजिनल जर्मन फिल्म, डेन्सिटी ५.०, व्हिज्युअल, कापलेले पीस तयार". डेन्सिटीचा आकडा जेवढा मोठा तेवढा प्रकाश कमी येतो, आणि व्हिज्युअल म्हणजे डोळ्याने बघायला चालणारी. शनिवारी संध्याकाळी कर्वे पुतळ्यापाशी भेटलो, दोन पीसचे चोवीसशे रुपये जीपे केले. वर्तमानपत्रात गुंडाळलेले चंदेरी तुकडे होते, त्यावर काही छापलेलं नाही. मी विचारलं तर त्याने मोबाईलवर आयएसओ १२३१२-२ च्या सर्टिफिकेटचा फोटो दाखवला आणि माझं समाधान झालं. खरं तर ते स्टँडर्ड ग्रहण बघायच्या चष्म्यांचं आहे, टेलिस्कोपच्या तोंडाला लावायच्या फिल्टरचं नाही, हे मला नंतर कळलं.

रविवारी सकाळी गच्चीवर पुठ्ठ्याच्या रिंगमध्ये फिल्म बसवली, टॉर्चपुढे धरून भोकं नाहीत ना ते बघितलं आणि आधी बाबांना बोलावलं, त्यांना डाग बघायची फार हौस होती. त्यांनी आयपीसला, म्हणजे टेलिस्कोपच्या डोळा लावायच्या भिंगाला, डोळा लावला आणि लगेच मागे घेतला. "अरे, फार चकाकतंय रे, डोळ्यात पाणी आलं." मला वाटलं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय म्हणून त्यांना त्रास होत असेल. मग मी स्वतः बघितलं, चार-पाच सेकंद. डाग दिसले, पण डोळा काढल्यावर हिरवट ठिपका बराच वेळ समोर नाचत राहिला.

तेव्हाच थांबायला हवं होतं, पण डोळा लावणं थांबलं ते कॅमेरा जोडल्यावर. आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) १००, शटर १/४००० सेकंद, म्हणजे माझ्या कॅमेऱ्याचं शेवटचं टोक, तरी सूर्य पांढराफटक, डागच दिसेनात. ५.० ची फिल्म लाखातला एक भाग प्रकाश आत सोडते, एफ/५ ला तिच्यातून १/१००० च्या आसपास नीट फोटो यायला हवा, हे मी वाचलं होतं. पोटात गोळा आला.

सोमवारी मतदानाची सुट्टी होती, मत देऊन आलो आणि एका खगोलप्रेमी काकांकडून त्यांची पाकिटातली ५.० फिल्म आणून लावली. १/१००० ला सूर्य अगदी व्यवस्थित. मग माझी फिल्म लावून पुढे ४० एमएमचं भोक पाडलेला पुठ्ठा ठेवला, म्हणजे प्रकाश चौथाई, तेव्हा कुठे १/४००० ला तसाच फोटो आला. भोकामुळे चारपट, शटरमुळे चारपट, चार गुणिले चार, म्हणजे सोळापट जास्त प्रकाश! हा हिशोब ३.८ डेन्सिटीशी बरोबर जुळतो. ३.८ ची फिल्म मिळते, पण ती फक्त कॅमेऱ्यासाठी असते, तिच्यातून डोळ्याने बघायचंच नसतं. न खपलेला माल ५.० म्हणून खपवला असं माझं मत आहे.

त्याला फोन केला तर म्हणाला, "आम्ही फोटोग्राफीसाठीच दिली होती." व्हिज्युअल हा शब्द त्याच्याच मेसेजमध्ये होता, पण मी स्क्रीनशॉट काढेपर्यंत तो मेसेज डिलीट झाला आणि मी ब्लॉक झालो. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, पैसे आजतागायत आलेले नाहीत. पैशाचं जाऊ दे, मला संताप आला तो बाबांच्या डोळ्याशी खेळ झाला म्हणून. आम्ही दोघांनीही डोळे तपासून घेतले, नशिबाने काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, रेटिनाला वेदना कळतच नाहीत, आत भाजलं तरी त्या क्षणी दुखत नाही आणि त्रास काही तासांनी जाणवू शकतो.

अजून एक, कॅमेऱ्याची ही टेस्ट फक्त फसवी फिल्म पकडायला आहे. त्यात पास झाली म्हणून फिल्म डोळ्यासाठी सुरक्षित ठरत नाही, डोळ्याला न दिसणारं इन्फ्रारेड किती आत येतंय ते त्यातून कळत नाही. त्यामुळे फिल्म सीलबंद पाकिटातली, डेन्सिटी छापलेली आणि बिलासकटच घ्या.

२ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडे खंडग्रास ग्रहण आहे, त्याच्या आधी असले सुटे पीस पुन्हा बाजारात येतील. त्या ग्रुपवरून अजून चौघांनी घेतले होते एवढं मला माहीत आहे, त्यांची नावं माहीत नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळलेला चंदेरी तुकडा कोणाकडे असेल तर आज त्यातून बघू नका, मुलांना तर अजिबात देऊ नका. मी आता पाकिटातली ओरिजिनल घेतली आहे, रविवारी सकाळी कोथरूडला गच्चीवर असतो, तुमचा पीस घेऊन या, दोन्ही लावून कॅमेऱ्यानेच ताडून बघू.