चाक झकास, पण आत खुळखुळा फुकट मिळाला (३ स्टार)

सायकलसाठी डबल वॉल (दोन भिंतींच्या, मध्ये पोकळ) अलॉय रिमची रेडी चाकं मागवली होती, पुढचं मागचं दोन्ही, ३२ स्पोकवाली. आधी चांगलं सांगतो. चाकं एकदम सरळ आली, आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढायची वेळच आली नाही, हब (चाकाचा मधला भाग) मस्त फिरतो, स्पोक बोटाने वाजवून बघितले तर सगळे जवळपास सारखेच ताणलेले. तीन स्टार त्याचेच.

आता दोन कापले का ते. सायकल हाताने ढकलत नेली की पुढच्या चाकातून खळ्ळ... खळ्ळ..., आणि वर बसून जरा वेग घेतला की आवाज गायब! आधी वाटलं हब गेला, मग रिफ्लेक्टरवर संशय, तो काढून ठेवला, मग व्हॉल्व्ह भोकात हलतोय म्हणून त्याच्या बुडाला टेप गुंडाळली, काही फरक नाही. कस्टमर केअरला लिहिलं तर म्हणे हे नॉर्मल आहे, चालवताना काही त्रास होणार नाही. अहो त्रास होतोय म्हणूनच लिहिलंय ना!

मग डोक्यात प्रकाश पडला. व्हॉल्व्ह किंवा रिफ्लेक्टर असता तर वेगात टकटक वाढली असती. इथे उलटं होतंय, म्हणजे रिमच्या पोकळीत काहीतरी सुटं पडलंय, जोरात फिरलं की ते बाहेरच्या भिंतीला दाबून बसतं आणि हळू फिरवलं की वर जाऊन घसरत खाली येतं.

टायर, ट्यूब, रिम टेप (स्पोकची भोकं झाकणारी पट्टी) सगळं उतरवलं. चाक उभं धरून इंच इंच फिरवायचं, कारण तळाशी असताना तो तुकडा टायरच्या बाजूच्या भिंतीवर येतो आणि तिथली स्पोकची भोकं मोठी असतात, त्यातून तो पडतो. आधी शहाणपणा करून लोहचुंबक फिरवला, अर्धा तास फुकट, कारण अ‍ॅल्युमिनियम आणि पितळ चुंबकाला कशाला दाद देतील? शेवटी एक पितळी निपल (स्पोक रिमला आवळून धरणारा छोटा नट) टप्पकन जमिनीवर पडला. चाक बांधताना हातून सुटून आत गेला असणार, काढायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. मागोमाग ड्रिलिंगची दोन कुरळी चकाकती साल निघाली, त्यातलं एक भोकात आडवं अडकलं होतं, जुन्या स्पोकचं टोक वाकवून ओढलं तेव्हा आलं. मागच्या चाकात नुसताच चुरा होता.

तरी एक बारीक टिकटिक राहिलीच. ती व्हॉल्व्हच्या बरोबर समोर, जिथे रिमची दोन टोकं जोडलेली असतात. आत जोडाला धातूचा तुकडा घातलेला असतो तो किंचित सैल होता. पातळ सुपरग्लूचे तीन-चार थेंब आतून फटीत सोडले, रात्रभर तसंच आडवं ठेवलं, सकाळी शांत. कोणी आत फोम भरा म्हणेल तर भरू नका, पाणी धरून ठेवतो आणि पुढे निपल बदलायचा झाला की चिकटून बसतो.

एक सांगून ठेवतो, माझं चाक नवीन होतं म्हणून मी निवांत होतो. तुमच्या जुन्या चाकात अचानक असा आवाज सुरू झाला तर आधी एकेक स्पोक दाबून बघा, निपलचं डोकं तुटून आत पडलेलं असू शकतं आणि तो स्पोक नुसता लटकत असतो. ट्यूबलेस असेल तर कधी कधी सुकलेल्या सीलंटच्या (पंक्चर बुजवायला आत घालतात त्या द्रवाच्या) गोळ्यापण वाजतात.

जाता जाता, सोबत आलेली रबरी रिम टेप अरुंद आहे, दोन भोकं अर्धी उघडी होती, तिथेच ट्यूब फुगून पंक्चर होते. टेप उतरवलीच होती तर कापडी लावून टाकली.

निपलचा फोटो कस्टमर केअरला पाठवलाय, परत हवा असेल तर कळवा म्हणून. अजून उत्तर नाही.