डिझाइन न येणाऱ्याला बूटस्ट्रॅपचा आधार

बेळगावच्या टिळकवाडीत घरी बसून मी वाचनालयांसाठी मजकूर-व्यवस्थापनाचं टूल लिहिलं. खानापूर, निपाणीकडच्या ग्रंथपालांनी आपल्या सूचना संकेतस्थळावर स्वतःच टाकाव्यात, एवढंच मनात होतं. कोड जमतो, मांडणी नाही. ती बूटस्ट्रॅपने, म्हणजे वेबपानं मांडण्यासाठीच्या तयार कोडच्या संचाने, सांभाळली: पान आखायला १२ स्तंभांची ग्रिड, तयार फॉर्म, बटणं, सगळं मोफत.

एक मात्र आवर्जून सांगतो. त्यात शीर्षकांची ओळ-उंची, म्हणजे एका ओळीला मिळणारी उभी जागा, अक्षराच्या आकाराच्या १.२ पट असते. रोमनला ती पुरते. मराठीत दोन ओळींचं शीर्षक आलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. मी ती १.५ केली. मराठीला मुक्ता, कन्नडला बालू तम्मा हे फाँट लावले. दोन्ही मुक्त परवान्याचे, दोन्ही सुंदर!

निपाणीच्या ग्रंथपाल बाईंनी पहिली सूचना मला फोन न करता चढवली.