थंडरबर्डमध्ये ऑफिसचा मेल: आयमॅप, एक्स्चेंज की डॅव्हमेल?

ऑफिसचा मेल मायक्रोसॉफ्ट 365 वर आहे आणि तो आउटलुकऐवजी थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये वाचायचा आहे, तर मार्ग तीन: साधं आयमॅप (सर्व्हरवरचा मेल तिथेच ठेवून वाचण्याची पद्धत), थंडरबर्डची स्वतःची एक्स्चेंज जोडणी (एक्स्चेंज म्हणजे मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर), किंवा मध्ये डॅव्हमेल हा दुभाष्या प्रोग्रॅम. (पॉप या मेल उतरवून घेण्याच्या जुन्या पद्धतीच्या वाटेला जाऊ नका. तो फक्त इनबॉक्स आणतो, आणि मेल सर्व्हरवर ठेवण्याची खूण निघाली तर फोनवरचा इनबॉक्सही रिकामा होतो.) यातलं काय चालेल हे तुमच्या आवडीपेक्षा अ‍ॅडमिनने काय चालू ठेवलंय यावर ठरतं. म्हणून सेटिंग उघडण्याआधी त्यालाच दोन प्रश्न विचारा: थंडरबर्डला परवानगी दिली आहे का, आणि माझ्या मेलबॉक्सला एसएमटीपी ऑथ (बाहेरच्या प्रोग्रॅममधून लॉगिन करून मेल पाठवण्याची मुभा) चालू आहे का?

पहिला प्रश्न यासाठी, की 1 ऑक्टोबर 2022 पासून मायक्रोसॉफ्टने आयमॅप आणि ईडब्ल्यूएस (एक्स्चेंजशी बोलण्याची मायक्रोसॉफ्टची स्वतःची पद्धत) यांवरचं नुसत्या पासवर्डाचं लॉगिन बंद करत आणलं. आता ओऑथ 2 लागतं, म्हणजे लॉगिनची खिडकी उघडते, मोबाइलवर मंजुरी द्यायची, मग टोकन, म्हणजे पासवर्डाऐवजी चालणारा डिजिटल परवाना, मिळतं. त्या खिडकीत ‘अ‍ॅडमिनची मंजुरी हवी’ असं पान आलं तर पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकून उपयोग नाही, अ‍ॅडमिनने एंट्रामध्ये (मायक्रोसॉफ्टची खाती आणि परवानग्या सांभाळणारी सेवा) एकदा संमती द्यावी लागते. 53003 हा आकडा दिसला तर कंपनीच्या धोरणानेच अडवलंय. दुसऱ्या अ‍ॅपचा आयडी वापरून वळसा घालायच्या युक्त्या सांगणारे भेटतील, पण ऑफिसच्या मेलवर तसलं काही करू नका.

आयमॅप सगळ्यात जुनं आणि मेलपुरतं सगळ्यात भरवशाचं. येणाऱ्या मेलसाठी आउटलुक डॉट ऑफिस365 डॉट कॉम, पोर्ट 993, एसएसएल/टीएलएस. जाणाऱ्यासाठी एसएमटीपी डॉट ऑफिस365 डॉट कॉम, पोर्ट 587, स्टार्टटीएलएस. दोन्हीकडे ओऑथ 2. इथे दोन पोर्टांची सुरक्षा वेगवेगळी आहे आणि घोळ तिथेच होतो: 587 वर एसएसएल/टीएलएस निवडलं की मेल जातच नाही. ओऑथ 2 हा पर्याय यादीत दिसतच नसेल तर सर्व्हरचं नाव तपासा. तिथे कंपनीचं स्वतःचं नाव पडलेलं असतं. युजरनेम म्हणजे लॉगिनचा पत्ता, आणि काही कंपन्यांत तो मेलच्या पत्त्यापेक्षा वेगळा असतो. थंडरबर्डमध्ये कुकीज बंद केल्या असतील तर लॉगिन पुरं होत नाही.

सगळं जुळलं, मेल येऊ लागले, पण पाठवताना 535 5.7.139 हा एररचा आकडा आला, तर तो दुसरा प्रश्न, एसएमटीपी ऑथचा. जानेवारी 2020 नंतर उघडलेल्या टेनंटमध्ये (कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट 365 खात्यात) एसएमटीपी ऑथ मुळातच बंद असतं. अ‍ॅडमिन सेंटरमध्ये तुमच्या नावावर, मेलच्या टॅबमध्ये, ईमेल अ‍ॅप्सच्या यादीत त्याची खूण असते. ती एका मेलबॉक्सपुरती चालू करता येते, अख्ख्या कंपनीसाठी दार उघडावं लागत नाही. अ‍ॅडमिनला हे असं सांगितलं की तो लवकर तयार होतो.

आयमॅपवर कॅलेंडर नाही, कंपनीची अ‍ॅड्रेस बुक नाही, रजेवरचा आपोआप जाणारा निरोपही लावता येत नाही. डाव्या बाजूला कॅलेंडर नावाचा फोल्डर दिसला तरी हुरळून जाऊ नका. नुसत्या मीटिंग बघायच्या असतील तर वेब आउटलुकमधून कॅलेंडर प्रकाशित करून त्याची आयसीएस (कॅलेंडर फाइलची) लिंक थंडरबर्डला देता येते. त्यात बदल करता येत नाहीत, आणि ती लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला कॅलेंडर दिसतं.

एक्स्चेंज जोडणी थंडरबर्ड 145 पासून आली. ती ईडब्ल्यूएसवर चालते आणि मेल पाठवतेही त्याच वाटेने, 443 पोर्टवरून. म्हणजे एसएमटीपी ऑथ बंद असलेल्या ऑफिसात हाच सोपा मार्ग. पण 145 मध्ये तिथे फक्त मेल आहे, कॅलेंडर नाही. शिवाय मायक्रोसॉफ्टने क्लाउडवरचं ईडब्ल्यूएस 1 ऑक्टोबर 2026 पासून बंद करायला घेण्याचं जाहीर केलंय. त्यामुळे थंडरबर्ड नेहमी अद्ययावत ठेवणार असाल तरच यावर विसंबा. ईएसआर 140 वर (थंडरबर्डची कंपन्यांसाठीची, क्वचित बदलणारी आवृत्ती) अडकलेल्या ऑफिसच्या लॅपटॉपवर ही जोडणी पर्याय म्हणून समोर येतही नाही.

डॅव्हमेल हा जावावर चालणारा छोटा प्रोग्रॅम तुमच्याच संगणकावर बसतो. थंडरबर्ड त्याच्याशी आयमॅप, कॅलडॅव्ह (कॅलेंडरसाठी), एलडॅप (पत्त्यांसाठी) बोलतो आणि तो पुढे सर्व्हरशी एक्स्चेंजच्या भाषेत बोलतो, अगदी दुभाष्यासारखा. सर्व्हर लोकलहोस्ट, आयमॅप 1143, एसएमटीपी 1025, कॅलेंडर 1080, अ‍ॅड्रेस बुक 1389. सुरक्षा ‘काहीही नाही’ ठेवायची, कारण हा प्रवास संगणकाच्या आतलाच आहे. म्हणूनच बाहेरून जोडणीची मुभा देणारी खूण बंदच ठेवा. लिहिता येणारं कॅलेंडर आणि सहकाऱ्यांचे पत्ते, दोन्ही इथेच मिळतात. किंमत अशी, की डॅव्हमेल चालू नसेल तर थंडरबर्ड ‘जोडणी नाकारली’ म्हणतो आणि लोक इंटरनेट तपासत बसतात. संगणक सुरू होताच तो सुरू होईल अशी सोय आधी करा. डॅव्हमेलही मुख्यतः ईडब्ल्यूएसवरच चालत आलंय, तेव्हा 2026 ची टांगती तलवार त्याच्याही डोक्यावर आहे.

माझं मत: एसएमटीपी ऑथ मिळत असेल तर आयमॅप घ्या आणि कॅलेंडर ब्राउझरमध्ये उघडं ठेवा. दिवसाला चार मीटिंगा स्वीकारणाऱ्या-हलवणाऱ्याने डॅव्हमेलची खटपट करावी. एसएमटीपी ऑथ मिळतच नसेल तर एक्स्चेंज जोडणी.

कंपनीचा स्वतःचा एक्स्चेंज सर्व्हर असेल तर हिशोब वेगळा. तिथे आयमॅपची सेवा मुळात बंद असते आणि अनेक अ‍ॅडमिन ती सुरू करत नाहीत, पण ईडब्ल्यूएस चालू असतं आणि 2026 ची मुदत त्या सर्व्हरला लागू नाही. तिथे आधी एक्स्चेंज जोडणी करून बघा, मग डॅव्हमेल.